पडद्याचे ऋण आणि आपली जागा

१

आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी दरवर्षी कथा मागवल्या जातात, आणि त्या वाचून निवडण्याचे काम मराठीचा अध्यापक म्हणून माझ्याकडे येते. हिंगोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचे हे महाविद्यालय. मुले-मुली आसपासच्या खेड्यांतून एस.टी.ने येतात. त्यांतली बरीचशी आपल्या घरातली पहिलीच शिकणारी. जसा मी होतो.

गेल्या वर्षी कथांचा गठ्ठा घेऊन बसलो आणि पाचव्या कथेपाशी थबकलो. प्रत्येक कथेत एक दुमजली बंगला होता. बंगल्यात रुंद जिना होता आणि जिन्यावरून उतरणारी सासू होती. कुणी पत्र लपवीत होते, कुणी दाराआडून ऐकत होते. एका मुलाने तर लिहिले होते, "वीज कडाडते आणि तिचा चेहरा तीन वेळा दिसतो." कथेत चेहरा तीन वेळा दिसत नाही, तो कॅमेऱ्याला दिसतो, हे त्या मुलाच्या ध्यानातही आले नव्हते.

त्या गठ्ठ्यात एका मुलीची कथा होती. तिचे अक्षर देखणे आणि वाक्ये नेटकी होती. वसमतकडच्या एका वस्तीतली ही मुलगी हळद काढणीच्या दिवसांत वर्गात दिसत नाही. आईबरोबर मजुरीला जाते. परत येते तेव्हा तिची नखे पिवळी असतात. तिच्या कथेतही हळद होती. पण ती चांदीच्या वाटीत होती, आणि बंगल्यातल्या सुना ती नवरीला लावीत होत्या.

अध्यापक कक्षात मी ही गोष्ट बोललो तेव्हा एक सहकारी हसून म्हणाले, "टीव्हीचे उष्टे आहे हे सगळे. बाद करून टाका." बाद करणे सोपे होते. पण 'उष्टे' हा शब्द मला लागला. ज्यांच्या मागच्या पिढ्यांना उष्टे खाऊन जगावे लागले, त्यांच्या लेकरांच्या लेखनाला तो शब्द इतक्या सहज लावता येतो काय? आणि लावायचाच असेल तर उष्टे कशाला म्हणायचे आणि प्रेरणा कशाला म्हणायचे, हे आधी ठरवायला नको काय? प्रस्तुत लेख हा ते ठरवण्याचा एक प्रयत्न आहे. त्यात मी केवळ परीक्षक म्हणून बोलत नाही. मी आरोपीही आहे, याचा खुलासा पुढे येईलच.

२

अनुकरणाचा आरोप आपल्याला नवा नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिचे नाव १९६६ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेले होते आणि ते कुणी लपवले नाही. त्याआधी डॉ. म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेतून परतल्यावर तेव्हाच्या औरंगाबादेत काळ्या लेखकांच्या वाङ्मयाकडे इथल्या तरुणांचे लक्ष वेधले होते. पुढे जनार्दन वाघमारे यांनी त्या वाङ्मयाची मराठीत सविस्तर ओळख करून दिली. मग टीका आलीच. हा विद्रोह आयात केलेला आहे, ही वेदना परदेशी मासिकांतून उचललेली आहे, असे म्हणणारे निघाले.

या आरोपाला उत्तर वादविवादाने मिळाले नाही. ते पुस्तकांनी दिले. बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३चा, म्हणजे पँथरच्याही आधीचा. त्यातला नायक गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर जातो आणि भाड्याच्या खोलीसाठी जात लपवतो. ही खोली अमेरिकेतून आणता येत नाही. दया पवारांच्या 'बलुतं'मधला (१९७८) कावाखाना, लक्ष्मण मान्यांच्या 'उपरा'मधला (१९८०) गाढवांच्या पाठीवरचा संसार, शरणकुमार लिंबाळ्यांच्या 'अक्करमाशी'मधला (१९८४) बापाच्या नावाचा प्रश्न, यांतले काहीही कापसाच्या अमेरिकन मळ्यांत उगवलेले नाही. तिकडून आला तो धीर. आपले दुःख लिहिण्याच्या लायकीचे आहे, हा तो धीर. त्या धिराने काय लिहायचे ते मात्र इथल्या मातीत शोधावे लागले.

म्हणजे प्रेरणा घेणे हा गुन्हा नाही. तसे म्हणणे आपल्याच पूर्वसूरींना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासारखे होईल.

३

आमच्या जिल्ह्याला तर ही गोष्ट फार जुन्या काळापासून ठाऊक असायला हवी. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी याच जिल्ह्यात आहे. औंढा नागनाथही इथलेच. औंढ्याच्या देवळासमोर कीर्तन करणाऱ्या नामदेवांना मागच्या बाजूला जायला सांगितले, ते मागे गेले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही आख्यायिका इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते.

याच नामदेवांना चोखोबा गुरुस्थानी मानीत. अभंगाचा साचा चोखोबांनी निर्माण केलेला नव्हता. तो त्यांना मिळालेला होता. विठ्ठल तोच, टाळ तेच, नाममुद्रा घालण्याची रीतही तीच. तरी चोखोबांचा अभंग ही नामदेवांची नक्कल आहे असे आजवर कुणाला म्हणता आले नाही. का आले नाही? कारण नामदेव देवळात जाऊ शकत होते आणि चोखोबा महाद्वाराबाहेर उभे होते. तेच दैवत बाहेरून पाहिले की वेगळे दिसते. मग प्रश्न वेगळे पडतात आणि जुन्या साच्यात नवे रक्त वाहू लागते. नामदेवांसाठी देऊळ फिरले म्हणतात. चोखोबांसाठी काहीच फिरले नाही. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत अंगावर कोसळून ते गेले आणि त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरपुरी आणल्या, असे परंपरा सांगते.

साचा उसना घेता येतो, उभे राहण्याची जागा उसनी घेता येत नाही. स्वतंत्रतेची माझी कसोटी एवढीच आहे. आता ती दूरदर्शनला लावून पाहू.

४

ज्या १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. एकाच शहरात एकाच वर्षी सुरू झालेल्या या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण आज आमच्या वर्गात बसलेल्या पोराच्या मनात या दोहोंतली कोणती अधिक खोल उतरली आहे, हे प्रामाणिकपणे विचारले तर उत्तर सुखाचे येणार नाही. त्याने 'बलुतं' क्वचित वाचलेले असते. मालिका मात्र तो जन्मापासून पाहत आला आहे. तेव्हा तो लिहायला बसला की पडदा आठवणारच. पडद्यावरून त्याच्या कथेत नेमके काय येते, हे पाहणे अधिक फलदायी ठरेल. माझ्या वाचनात तीन गोष्टी येताना दिसतात : घटना, घाट आणि नजर.

घटना घेण्यात मला गैर दिसत नाही. स्टार प्रवाह वाहिनीवर २०१९–२०२० या काळात 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर : महामानवाची गौरवगाथा' ही मालिका चालली. आमच्या वस्त्यांनी ती कोणत्या आस्थेने पाहिली ते मी पाहिले आहे. वेळ झाली की भांडी तशीच राहत. त्या वर्षी वार्षिकांकाकडे आलेल्या निदान तीन कथांत बैलगाडीतला तहानलेला मुलगा होता. हा प्रवास मुळात बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या टिपणांत लिहिलेला आहे. १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरून वडिलांच्या नोकरीच्या गावी निघालेल्या मुलांना गाडीवान आपल्या गाडीत बसवायला तयार होत नाही. शेवटी मुलांनी दुप्पट भाडे द्यायचे, गाडी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचे, असे ठरते. जवळ अन्न असूनही पाणी मिळत नाही म्हणून मुले उपाशी राहतात. आमच्या मुलांच्या कथांत तहान होती, अश्रू होते. दुप्पट भाडे मात्र एकाही कथेत नव्हते. विटाळ मानणारा माणूस विटाळाचेच दुप्पट पैसे घेतो, जातीचा हा सारा व्यवहार त्या एका तपशिलात आहे. नेमका तोच गळाला होता. घटना घेतली याबद्दल माझी तक्रार नाही. ती मूळ ठिकाणी जाऊन तपासली नाही, ही तक्रार आहे.

घाट घेणे अधिक धोक्याचे. रोजची मालिका ही संपू नये म्हणून रचलेली असते. उद्या पुन्हा पाहायला बसवायचे म्हणून आजचा भाग अधांतरी सोडायचा. पात्रे बदलली तर कथानक संपेल, म्हणून त्यांना बदलू द्यायचे नाही. दुष्ट सासूला वर्षानुवर्षे दुष्टच राहावे लागते. कथेचा धर्म याच्या उलट आहे. तिला संपायचे असते आणि संपण्याआधी कुणात तरी काहीतरी हलवायचे असते. ज्या समाजाची सारी धडपड बदलासाठी आहे, त्याने न बदलणाऱ्या माणसांचा घाट स्वीकारणे म्हणजे आपल्याच हाताने आपले तोंड दाबणे होय.

आणि नजर तर घेताच येत नाही, कारण ती घेतली की आपली जाते. त्या मुलीच्या कथेतले स्वयंपाकघर आठवा. त्यात चकाकते ओटे होते, पण कुणी भाकरी थापीत नव्हते. साऱ्या कथेत कुणीही कुठलेही काम करीत नव्हते. पैसा कुठून येतो हे कुणाला ठाऊक नव्हते. हळद शिजवताना डोळ्यांत जाणारा धूर, उन्हात पसरलेली हळकुंडे, पॉलिश करताना अंगावर बसणारी पिवळी धूळ, यांतले काही नव्हते. जिच्या हातून हळद बाजारात जाते तिच्याच कथेत हळद फक्त समारंभापुरती आली! पडद्याने तिला बंगला दिला आणि बदल्यात तिचे हात काढून घेतले.

मग पडद्याकडून शिकायचेच नाही काय? शिकायचे. सत्यजित राय यांनी १९८१ मध्ये दूरदर्शनसाठी केलेला 'सद्गती' घ्या. मूळ कथा प्रेमचंदांची. दुखी हा चांभार मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून घ्यायला पंडिताकडे जातो. पंडित त्याला उपाशीपोटी लाकडाचा ओंडका फोडायला लावतो आणि तो तिथेच मरतो. चांभारवस्तीतले लोक प्रेत उचलायला येत नाहीत, तेव्हा शेवटी पंडित पायाला दोर अडकवून ते ओढत नेतो. ओम पुरी, स्मिता पाटील, मोहन आगाशे यांची ही कामे विसरता येत नाहीत. करुणेत प्रेमचंद आणि राय दोघेही अस्सल आहेत. पण दोघांचाही मुक्काम मुख्यतः पंडिताच्या अंगणात आहे. वस्ती ओझरती दिसते. आता आपल्यापैकी कुणी हा चित्रपट पाहून कथा लिहायला बसला, तर त्याने ओंडका पुन्हा फोडू नये. त्याने त्या रात्री वस्तीत जावे. प्रेत उचलायचे नाही असे पहिल्यांदा कोण म्हणाले? कोण घाबरले? उद्याच्या मजुरीची भीती कुणी बोलून दाखवली? झुरियाला कुणी काय सांगितले? ही कथा 'सद्गती'वाचून सुचली नसती, आणि तरी ती 'सद्गती'ची नक्कल असणार नाही.

५

आता माझा कबुलीजबाब.

२०१९ साली मी एक कथा लिहिली आणि ती एका दिवाळी अंकात छापून आली. तिच्यातल्या मुलाला शाळेत पाणी नाकारले जाते. मुलगा शिकतो, जिल्हाधिकारी होतो, लाल दिव्याच्या गाडीतून गावात परततो आणि मान खाली घातलेल्या गावकऱ्यांना स्वतःच्या हाताने पाणी देतो. लाल दिव्याच्या गाड्या मे २०१७ पासूनच बंद झाल्या होत्या. माझ्या कथेत दिवा चालू होता, कारण तो मी रस्त्यावर पाहिलेला नव्हता. पडद्यावर पाहिलेला होता.

माझ्या मायला वाचता येत नाही. अंक घरी आला तेव्हा मी तिला कथा वाचून दाखवली. तिने शांतपणे ऐकली आणि म्हणाली, "आरं, हे त म्या पाह्यलं हाय."

"कुठं?"

"टीव्हीत. दिवा आसा फिरत व्हता गाडीवर." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तुहं काय हाय ह्याच्यात?"

मी चिडलो. दुःख आपलेच आहे, असे काहीबाही बोललो. ती म्हणाली, "तुला साळंत पानी कुनी नाई म्हनलं व्हतं?"

खरे होते. मला शाळेत पाणी कुणी नाकारले नव्हते. माझ्या बाबतीत झाले ते वेगळे. दरवर्षी जूनमध्ये भरल्या वर्गात आवाज येई, "शिष्यवृत्तीवाले उभे राहा." आम्ही उभे राहत असू. बाकीचा वर्ग मान वळवून पाही. अर्जावर सह्या होईपर्यंत आम्ही उभेच. कुणी शिवी दिली नाही, कुणी मारले नाही. पण पुढे पदवी घेताना नाव पुकारले गेले तेव्हाही माझे गुडघे त्याच भीतीने कापले. हे मी कधीच लिहिले नव्हते. कारण त्या प्रसंगावर वीज कडाडत नाही, त्याला पार्श्वसंगीत बसत नाही, त्याच्या शेवटी कुणाची मान खाली जात नाही. पडद्याने मला अन्यायाची एक ठरीव प्रतिमा दिली होती. त्या प्रतिमेत बसत नव्हता म्हणून मी माझा अन्याय कथेबाहेर ठेवला.

चोरी कुणाची झाली? मालिकेचा एक प्रसंग मी उचलला, ही लहान चोरी. माझ्या हातून माझाच अनुभव गेला, ही मोठी.

६

लहान चोरीही मी लहान मानत नाही, हे इथे सांगितले पाहिजे. ॲलेक्स हेली यांची 'रूट्स' ही कादंबरी १९७६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि जानेवारी १९७७ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवर सलग आठ रात्री तिची मालिका दाखवली गेली. गुलामीचा इतिहास त्या देशाच्या घराघरांत पहिल्यांदाच एवढ्या ताकदीने शिरला. पण या कादंबरीतला काही मजकूर हॅरल्ड कूरलँडर यांच्या 'द आफ्रिकन' (१९६७) या कादंबरीतून आल्याचा दावा न्यायालयात गेला. १९७८ मध्ये हेलींनी साडेसहा लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि त्या पुस्तकातील मजकूर आपल्या कादंबरीत आल्याचे मान्य केले.

'रूट्स'चे ऐतिहासिक कार्य त्यामुळे पुसले गेले असे मी म्हणणार नाही. पण ज्यांना काळ्यांचा इतिहास ऐकायचाच नव्हता, त्यांच्या हाती एक आयते हत्यार आले. वंचितांच्या लेखकाची चूक त्याच्या एकट्याची राहत नाही. ती साऱ्या समाजाच्या साक्षीवर शंका म्हणून लादली जाते. म्हणून ऋण सांगण्याची शिस्त आपल्याला इतरांपेक्षा अधिक पाळावी लागेल. कथेच्या खाली एक ओळ लिहावी : ही कथा अमुक मालिका पाहताना सुचली. त्याने कमीपणा येत नाही. पँथरने नाव कुठून घेतले हे लपवले नव्हते, म्हणूनच तिला कुणी चोर म्हणू शकले नाही.

७

शेवटी माझ्या बापाविषयी.

२५ जानेवारी १९८७ पासून दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झाले. तेव्हा हिंगोली जिल्हा नव्हता, तो १ मे १९९९ रोजी झाला. आमचे गाव परभणी जिल्ह्यात होते. माझा बाप एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालगडी होता. गावातला टीव्ही त्या मालकाच्या घरी. रविवारी माजघर माणसांनी भरे, टीव्हीपुढे उदबत्ती लागे. चित्र हलू लागले की बापाला हाक येई आणि तो छपरावर चढून अँटेना फिरवी. "आलं का?" तो वरून विचारी. "आलं, आलं! धरून ठेव!" आतून आवाज येई. तो धरून उभा राही. घराच्या माथ्यावर बाप चालत होता, उंबऱ्याच्या आत चालत नव्हता. अख्खे रामायण त्याने छपरावरून ऐकले. पाहिले नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवायला सुरुवात केली. आमच्या घरात, आमच्या टीव्हीवर बापाने ते लावले. मी शिकलेला, धम्माचा अभिमानी. मी शंबुकाची गोष्ट काढली आणि बंद करा म्हणालो. बाप पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "थांब जरा. तवा नुसतं ऐकलं व्हतं. आज पाहू दे." अर्धा तास त्याने पाहिले. मग स्वतःच उठून टीव्ही बंद केला आणि म्हणाला, "आवाज त्योच हाय." आणि बाहेर जाऊन बसला.

त्या दोन वाक्यांत काय काय आहे, याचा मी अजून विचार करतो आहे. त्यात भक्ती नाही, विद्रोहाची घोषणाही नाही. तेहतीस वर्षे उरात राहिलेले काहीतरी आहे. दूरदर्शनवर आलेल्या कुठल्याही मालिकेत हा प्रसंग नाही, कारण कॅमेरा तेव्हा माजघराच्या पडद्यावर होता आणि बाप छपरावर होता. तरीही ही कथा दूरदर्शनशिवाय घडली नसती. पडदा आपल्या आयुष्यात आला तेव्हा आपण कुठे उभे होतो, अँटेना कुणी धरली होती, हे लिहिण्याचा अधिकार दुसऱ्या कुणाचाही नाही. लाल दिव्याची कथा लिहिणाऱ्या माझ्यासारख्या माणसाच्या घरात ही कथा इतकी वर्षे पडून होती!

त्या मुलीची कथा मी बाद केली नाही आणि छापलीही नाही. तिला बोलावून एवढेच विचारले, "ही मालिका तू कुठे बसून पाहतेस?" ती लाजली. म्हणाली, "सर, हळदीच्या दिवसांत पाहायला नाही मिळत. मालकाच्या घरातून आवाज येतो. आम्ही बाहेर हळद शिजवत असतो. काय झालं असंल ते मायला मी मनानंच सांगते."

मी तिला कागद परत दिला आणि म्हणालो, "हेच लिही. आईला काय सांगतेस, ते लिही."

पंधरा दिवसांनी तिने दीड पान आणून दिले. त्यात बंगला होता, सासूही होती. पण आता ती धुरापलीकडून ऐकू येत होती, आणि मधेच आईने विचारले होते, "मंग ती कामाला कधी जाती?" कथा अजून पुरी झालेली नाही. या वर्षीच्या वार्षिकांकात तिच्यासाठी मी चार पाने राखून ठेवली आहेत.